समुद्राचं आपल्याले काय?

"समुद्राच्या बातमीचं आपल्याले काय करा लागते भाऊ?" चक्रीवादळावर काही लिहिलं की चहाच्या टपरीवर हा प्रश्न ठरलेला. बरोबरच आहे म्हणा. वर्ध्याहून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर!

पण आपलं सेवाग्राम मिठामुळेच घडलं, हे आपण विसरतो. १२ मार्च १९३० ला दांडीसाठी निघताना स्वराज्य मिळेपर्यंत साबरमती आश्रमात परतायचं नाही, असं गांधीजींनी ठरवलं. मग जमनालाल बजाजांच्या आग्रहानं ते १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला. बजाज स्वतः विलेपार्ल्याच्या सत्याग्रह छावणीचे प्रमुख होते, एप्रिल १९३० मध्येच त्यांना अटक झाली. विदर्भाला समुद्र नाही, म्हणून अकोल्याकडच्या दहिहंड्याला लोकांनी खाऱ्या पाण्यापासून मीठ काढलं!

त्याच वर्षी मे महिन्यात कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मे म्हणजे मिठाच्या हंगामाचे शेवटचे दिवस. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, एकातून दुसऱ्यात सोडत उन्हानं आटवायचं, तळाशी मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे. सगळा खेळ कोरड्या हवेचा. मध्येच एक जोरदार पाऊस आला की धरलेलं मीठ पुन्हा पाणी.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं आणि गुजरातला धडकलं. आपल्या ताटातलं बहुतेक मीठ तिकडचंच. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी १९८२ पासूनच्या नोंदी तपासल्या. २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कारण, तापलेलं पाणी.

वेचणीला आलेला कापूस अवकाळीनं भिजला की काय वाटतं, ते हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. मिठागरातल्या मजुराचं तेच. फरक एवढाच, की आपल्याकडं तलाठी निदान पंचनाम्याला येतो, मदत मिळो न मिळो. मीठ मात्र सरकारी हिशेबात पीक नाही, उद्योग आहे. राज्यघटनेत तो केंद्राच्या यादीतला विषय आणि त्याचा मीठ आयुक्त वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली. वाहून गेलेल्या ढिगासाठी मजुरानं तलाठ्याकडं जायचं की दिल्लीला?