नॉर्वेचे तेल आणि कलम ५४

१९६९च्या अखेरीस फिलिप्स या अमेरिकी कंपनीला उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे मोठा साठा लागला, तेव्हा समुद्रातले तेल काढण्याचा अनुभव नॉर्वेकडे जवळपास नव्हता. गोद्या होत्या, दर्यावर्दी माणसे होती आणि जलविद्युत प्रकल्पांच्या बांधकामात मुरलेले काँक्रीटचे कारागीर होते. तेलकंपन्या मात्र आपले ओळखीचे पुरवठादार सोबत घेऊनच येत. ८ डिसेंबर १९७२च्या राजाज्ञेतील कलम ५४ने या सवयीला हात घातला.

कलमाची भाषा सावध होती. दर्जा, सेवा, मुदत आणि किंमत यांत नॉर्वेतला माल स्पर्धेला उतरत असेल, तर परवानाधारकाने तोच घ्यावा. टक्केवारी कुठेच नव्हती. खरा जोर होता तो उद्योग मंत्रालयातल्या माल व सेवा कार्यालयाचा. निविदा मागवण्याआधी कंपनीने बोलावण्याची यादी तिथे दाखवायची; लायक देशी पुरवठादार राहून गेला असेल, तर कार्यालय त्याचे नाव घालायला लावी. पुढची तेलक्षेत्रे कोणाला द्यायची हे सरकारच ठरवी, त्यामुळे त्याची मर्जी सांभाळणे कंपन्यांच्याच हिताचे होते.

वेळही जुळून आली. १९७३च्या तेलसंकटानंतर टँकरच्या मागण्या आटल्या आणि रिकाम्या पडू लागलेल्या गोद्या तेलाच्या कामांकडे वळल्या. स्टाव्हांगरजवळ ‘काँडीप’ फलाट उभे राहू लागले: फ्योर्डच्या खोल, शांत पाण्यात काँक्रीटचे पोकळ खांब चढवायचे, त्यांवर डेक बसवायचा आणि सगळा डोलारा ओढत भर समुद्रात न्यायचा. यातला पहिला, १९७५चा बेरिल ए, ब्रिटिश हद्दीत गेला, म्हणजे जिथे कलम ५४ लागूच नव्हते. देशी कसब नुसत्या आश्रयावर जगले नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. १९९५मध्ये नेलेला ट्रोल ए ४७२ मीटर उंच होता.

१९७९च्या चौथ्या परवाना फेरीपासून अपेक्षा संशोधनापर्यंत गेल्या. क्षेत्र विकसित करण्यासाठी लागणाऱ्या संशोधनापैकी निदान निम्मे नॉर्वेत व्हावे, असे करार झाले आणि ट्रॉनहाइमच्या सिंटेफसारख्या संस्थांकडे कामे आली.

हे सगळे स्वस्तात झाले नाही. स्टॅटफियोर्डसारख्या प्रकल्पांचे खर्चाचे अंदाज इतके कोलमडले, की १९७९मध्ये सरकारला खर्चाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. वाढीव खर्चाला कारणे अनेक होती, पण तो करपात्र नफ्यातून वजा होई आणि १९७५पासून तेलावर विशेष कर असल्याने त्याचा मोठा वाटा शेवटी सरकारी तिजोरीवरच पडे.

१९९४मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू झाला आणि देशी मालाला झुकते माप देण्याची सोय संपली. तोवर पुरवठादार स्वतःच्या पायांवर उभे होते. पुढे इतर देशांनी वाट धरली ती आकड्यांची. नायजेरियाने २०१०च्या कायद्यात कामागणिक टक्के ठरवून दिले. ब्राझीलने २००३पासून किमान टक्क्यांची सक्ती केली आणि २०१७मध्ये ते टक्के खाली आणले.