बाईकची कोणती कामं घरी करायची, कोणती नाही आणि पार्ट घेताना फसायचं कसं नाही?

गाडी सर्व्हिसिंगला टाकायची, संध्याकाळी फोन येतो, "साहेब, चेन-स्प्रॉकेट गेलंय, ब्रेक शू पण बदलावे लागतील. टाकू का?" आपण ऑफिसात असतो. गाडी बघितलेली नसते, पार्टची किंमत माहीत नसते. आपण म्हणतो, "टाका." बिल बघितल्यावर वाटतं की पुढच्या वेळी सगळं आपणच करू. मग व्हिडिओ बघून पाने आणले जातात आणि एक दिवस ड्रेन बोल्टचे आटे जातात.

ही दोन्ही टोकं टाळता येतात. महिन्यातून वीस-पंचवीस मिनिटं गाडीला दिली आणि पार्ट घेताना चार गोष्टी वाचल्या, तर पैसेही वाचतात आणि घसरून पडायची वेळही टळते. खाली जे सांगितलंय ते रोजच्या १०० ते १६० सीसीच्या गाड्यांसाठी आहे.

आधी हे बघा, तुमची गाडी कोणत्या सालची आहे?

वडिलांच्या किंवा काकांच्या गाडीवर शिकलेल्या सगळ्याच गोष्टी आजच्या गाडीवर चालत नाहीत. मधल्या काळात तीन मोठे बदल झाले.

१ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम लागलेला असतो. त्याचं बटणच गेलं.

ब्रेकचे नियम बदलले. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून आधीच्या मॉडेलनाही १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली किमान सीबीएस बंधनकारक झालं. सीबीएसच्या मोटारसायकलवर पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे स्क्रू फिरवून "ॲव्हरेज वाढवून देतो" हा प्रकार या गाड्यांवर चालत नाही. पेट्रोल किती जायचं ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागून विझतो. तो विझला नाही किंवा चालताना लागला, तर घरी काही उघडू नका, स्कॅनर असलेल्या गॅरेजला न्या. कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंप दोन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे "किक आहे की" म्हणून कमजोर बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका.

घरी बिनधास्त करण्यासारखी कामं

हवा आणि टायर. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघताना बघायची. लांबून आल्यावर टायर तापलेला असतो आणि आकडा जास्त दिसतो. किती भरायची ते चेन कव्हरवरच्या किंवा मागच्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. डबल सीटसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत. टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की तो बदलायचा. पावसाळ्याआधी हे नक्की तपासा.

चेन. घरी सगळ्यात जास्त फायदा देणारं काम हेच. साधारण ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन पुसून तेल द्यायचं. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, तेलासाठी दुकानात ९० नंबरचं गिअर ऑइल मागा किंवा चेन स्प्रे घ्या. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल चेनला लावू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो चेनच झिजवतो.

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मध्यभागी बोटाने वर-खाली करून बघायचा. अनेक कम्युटर गाड्यांमध्ये तो २० ते ३० मिलिमीटर असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाक फिरवून तीन-चार जागी तपासा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. ताठ चेनही वाईटच, ती बेअरिंगवर ताण देते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला आणि चाक हाताने फिरवायचं. गाडी मेन स्टँडवर घेऊन गिअरमध्ये चालू ठेवायची आणि फिरत्या चेनला फडकं लावायचं, हा शॉर्टकट बोटं घेऊन जातो. फडकं अडकलं की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

इंजिन ऑइल. लेव्हल तपासणं सोपं आहे. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा, गाडी सरळ उभी ठेवून बघा. काही गाड्यांना काचेची खिडकी असते, काहींना डिपस्टिक. अनेक गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवली तर लेव्हल चुकीची दिसते.

ऑइल बदलायचं असेल, तर ड्रेन बोल्ट जोर लावून आवळू नका. इंजिनचं खालचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की दीडशे रुपयांची मजुरी वाचवायच्या नादात मोठा खर्च अंगावर येतो. वॉशर नवीन टाका. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून ते गोळा केलं जातं.

एअर फिल्टर आणि प्लग. कोरडा कागदी फिल्टर हलक्या हाताने झटकता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र धुवायचा किंवा झटकायचा नसतो, तो थेट बदलायचा. प्लग इंजिन थंड असताना काढायचा, आणि बसवताना सुरुवातीचे आटे पाना न लावता हातानेच फिरवायचे. तिरका बसला तर हाताला लगेच कळतं, पान्याला कळत नाही.

ब्रेक बघायचा घरी, उघडायचा गॅरेजात

ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांना चाकाजवळ, ब्रेकच्या दांड्यापाशी, एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला, तर शू संपलेत. मग कितीही नट आवळला तरी उपयोग नाही. डिस्क ब्रेकला पॅडची जाडी बाजूने टॉर्च मारून दिसते, आणि हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइलची लेव्हल दिसते.

एवढं बघून थांबा. शू किंवा पॅड बदलणं, ब्रेक ऑइल बदलणं ही कामं पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नयेत. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा राहिली, तर लिव्हर नुसतं आत जातं आणि गाडी थांबत नाही. सीबीएसच्या गाडीत पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला असतो, त्यामुळे मागचा नट अंदाजाने फिरवणंही टाळा.

आणखी एक चूक घरीच होते. गाडी चमकवायला मारलेला स्प्रे किंवा पॉलिश डिस्कवर उडतं, किंवा चेनचं तेल मागच्या टायरवर जातं. धुतल्यावर पहिल्या वळणाला त्याचा हिशोब होतो. स्प्रे मारताना डिस्क आणि टायर फडक्याने झाका.

आता पार्ट. दुकानात नेमकं काय मिळतं?

मोटारसायकल कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक, शॉकअप, चेन, दिवे वेगवेगळे पुरवठादार बनवतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये बजाजचा कारखाना आहे आणि एन्ड्युरन्ससारख्या पार्ट बनवणाऱ्या कंपन्याही तिथेच आहेत. त्यामुळे काउंटरवर चार प्रकारचा माल असतो.

१. कंपनीचा जेन्युइन पार्ट. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला.
२. पुरवठादार कंपनीचा, त्यांच्याच नावाने विकला जाणारा पार्ट. अनेकदा दर्जा चांगला आणि किंमत कमी.
३. लोकल ब्रँड. स्वतःच्या नावाने विकतो, नक्कल करत नाही. दर्जा कमी-जास्त.
४. डुप्लिकेट. दुसऱ्याचं नाव आणि खोकं छापून विकलेला माल. हा ट्रेड मार्क कायदा १९९९ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

दुसरा आणि तिसरा प्रकार घेण्यात काही चूक नाही. आरसा, लेग गार्ड, सीट कव्हर, इंडिकेटरची काच यात लोकल माल खुशाल घ्या. पण ब्रेक शू, पॅड, क्लच आणि ब्रेकची वायर, टायर, चेन-स्प्रॉकेट आणि बेअरिंग यात पहिल्या दोन प्रकारांच्या खाली उतरू नका. आरसा तुटला तर आरसाच जातो. ब्रेक शूचं लायनर निघून ड्रममध्ये अडकलं, तर चाक जाम होतं.

घेताना हे वाचा

पार्ट नंबर. "अमक्या गाडीचा ब्रेक शू द्या" एवढं पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीचे बीएस-४ आणि बीएस-६ पार्ट वेगळे असू शकतात. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर पार्ट कॅटलॉग असतो, नाहीतर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर आणि किंमत विचारा. मग पुण्यातल्या नाना पेठेत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, तुलना त्याच नंबराची करा.

खोक्यावरची छपाई. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. शुद्धलेखन चुकलेलं, छपाई पुसट किंवा एमआरपीवर स्टिकर चिकटवलेलं असेल, तर विचारा. होलोग्रामचीही नक्कल होते. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि उघडलेलं पान कंपनीच्याच वेबसाइटचं आहे का ते बघा.

ऑइलचा डबा. गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणून डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए२" हवं. "एमबी" हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. कारचं महागडं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागू शकतो.

प्लगचा नंबर. उदाहरणार्थ एनजीकेचा सीपीआर८ईए-९. यातला ८ म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर टाकतो, आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर गॅप. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमकं उलटं. आकडा जवळचा आहे म्हणून दुसरा प्लग चालवू नका.

टायरची तारीख. टायरच्या बाजूला चार अंकी नंबर असतो. २३२५ म्हणजे २०२५ सालातला २३ वा आठवडा. "नवीन" टायर किती वर्षं दुकानात पडून होता ते इथे कळतं.

बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या वाहनांच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी अनेक पार्टवर तो २८ टक्के होता. जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. "बिल हवं तर रेट वेगळा" असं उत्तर आलं, तर मालाबद्दलही अंदाज येतो. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण बिलाशिवाय तक्रार टिकवणं अवघड जातं.

गॅरेजात एक वाक्य नक्की म्हणा

"जुना पार्ट आणि नवीन पार्टचं खोकं मला द्या." दोन्ही तुमचीच असतात. स्प्रॉकेटचे दात अणकुचीदार होऊन एका बाजूला वाकलेत का, ब्रेक शूचं लायनर खरंच संपलंय का, हे जुन्या पार्टवर दिसतं. चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एकत्रच बदलायला सांगितलं, तर ती फसवणूक नाही. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी पुस्तिका वाचा, घरच्या कामामुळे कोणती वॉरंटी जाते ते त्यात लिहिलेलं असतं. आणि पुढच्या वेळी "टाकू का?" असा फोन आला, तर आधी पार्ट नंबर आणि एमआरपी विचारा. मग "टाका" म्हणा.