कुत्र्याला चिकटलेली गोचीड कशी काढायची? आणि रॉकेल, कापूर का नको?

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक फोटो आला. लॅब्रॅडॉरच्या कानात वाटाण्याएवढा, करड्या रंगाचा फुगलेला दाणा. 'ही चामखीळ आहे का?' दहा मिनिटांत सल्ले सुरू झाले: रॉकेल लाव, पेटती काडी टेकव, कापूर-खोबरेल चोळ. ती चामखीळ नव्हती, रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड होती. आणि तिन्ही सल्ले चुकीचे होते.

मग काढायची कशी?

हातमोजे घाला, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. बारीक टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरायचा प्लकरही चालतो, फक्त नंतर तो त्याच कामासाठी ठेवा. केस बाजूला करून गोचिडीला कातडीच्या अगदी लगत पकडा. फुगलेल्या पोटाला पकडलं तर ते फुटतं. आता सरळ वर, न पिळता, एकसारख्या जोराने ओढा. झटका देऊ नका. ती घट्ट रुतलेली असते, त्यामुळे थोडा वेळ लागतो.

काढलेली गोचीड बोटांनी किंवा नखाने चिरडू नका. सॅनिटायझर किंवा स्पिरिट भरलेल्या छोट्या बाटलीत टाका. चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा, हातही धुवा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, बहुतेक वेळा कातडीच तो बाहेर टाकते. जागा सुजली किंवा पू झाला तर डॉक्टरांना दाखवा.

रॉकेल, व्हॅसलिन, नेलपॉलिश किंवा काडी लावून 'ती आपोआप सुटेल' याची वाट पाहण्यात वेळ जातो. डिवचलेली गोचीड आणखी लाळ आत सोडू शकते, आणि रोगजंतू त्या लाळेतूनच जातात.

इतकं घाबरण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन आजार पसरवते. एर्लिकियाचे जंतू चावल्यापासून काही तासांतही शरीरात जाऊ शकतात. म्हणून 'रविवारी बघू' नको.

गोचिडी दिसल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कुत्रा खाईनासा झाला, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या आणि गोचिडी होत्या हे आवर्जून सांगा. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी झाल्यात का, हे कळतं. एर्लिकियासाठी सहसा डॉक्सिसायक्लिनचा सुमारे २८ दिवसांचा कोर्स देतात. चार दिवसांत शेपूट हलायला लागली तरी गोळ्या बंद करू नका. आणि ताप आहे म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात देऊ नका.

घरगुती उपायांचं काय?

कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. खोबरेलाने केस चकाकतील, इतकंच. कापूर, टी-ट्री तेल आणि डांबरगोळ्या कुत्र्यांसाठी विषारी आहेत, आणि अंगाला चोळलेलं सगळं तो चाटतोच. रीलमधला लसूण खाऊ घालायचा उपाय तर उलटाच: लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, बॅबेसियाही तेच करतो.

खरा घरगुती उपाय फुकट आहे: फिरवून आणल्यावर दोन मिनिटं हात फिरवा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मधे.

बाकी प्रतिबंधक गोळी, मानेवरचे थेंब किंवा पट्टा यांतलं काय वापरायचं ते वजन, वय आणि फिट येतात का हे पाहून डॉक्टरच ठरवतील. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

काढल्या तरी परत कशा येतात?

'सिंहगडावर नेलं, तिथल्या गवतातून आल्या', हे धायरीत हमखास ऐकू येतं. काही येतही असतील. पण ही तपकिरी गोचीड गवतापेक्षा घरात जास्त रमते. पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालते. पिल्लं भिंतीवर चढताना दिसतात ती यामुळेच. मोठी गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते.

म्हणून कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, भेगा सिमेंटने बुजवा, सोफ्यामागे आणि कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवून आतली पिशवी बांधून लगेच बाहेर टाका. पेस्ट कंट्रोल करायचं ठरलं तर कुत्र्याला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा. एका फेरीत काम होत नाही, कारण अंडी मागे राहतात. दोन-तीन महिने हे चालू ठेवावं लागतं, आणि जिन्याखाली झोपणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावर गोचिडी असतील तर सोसायटीने मिळून त्यांच्याही औषधाची सोय करावी लागते.