बोटभर पात्याची परीक्षा

मागच्या दिवाळीत माझा भाचा गावी आला होता. त्याला डोंगर भटकायचा नाद. येताना त्यानं एक नवा चाकू आणला होता. लहानसाच, मिटणारा नव्हे. पातं मुठीत पक्कं बसवलेला. कमरेला अडकवायला म्यानही होतं. "मामा, रानात अडकलो तर हा एवढा एक चाकू पुरतो म्हणतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणतात कशाला? अंगण आहे, लाकूडफाटा आहे. बघू या की!"

मग आम्ही दोघांनी त्या चाकूची परीक्षाच मांडली. सुतळी कापली, नायलॉनचा दोर कापला. बाभळीची फांदी तासून तंबूची खुंटी केली. वाळक्या ओंडक्यावर पातं आडवं ठेवून वरून दांडक्यानं ठोकलं, तसं लाकूड सरळ उभं चिरत गेलं. त्याच लाकडाच्या पिसासारख्या पातळ ढलप्या काढल्या आणि ठिणगी पाडून त्या पेटवल्या. भाचा खूष! मग माझ्या बहिणीनं आतून एक काकडी आणून दिली. पातं इतकं जाड, की काकडी चिरली जाण्याऐवजी फुटलीच. त्या विषयात चाकू नापास आणि घरची विळी पास!

संध्याकाळपर्यंत चाकूची धार गेली होती. मी विचारलं, "आता रानात असतास तर काय केलं असतंस?" भाचा गप्प. धार लावायचा दगड त्यानं आणलाच नव्हता. तेव्हा मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

१९ सप्टेंबर १९९१. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतात, हेल्मुट आणि एरिका सिमोन हे जर्मन पती-पत्नी शिखरावरून उतरत होते. सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फातून वर आलेला एक मृतदेह त्यांना दिसला. कुणी दुर्दैवी गिर्यारोहक असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पण देहाजवळच्या वस्तू वेगळंच काही सांगत होत्या. इन्सब्रुकचे पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी तिथली तांब्याची कुऱ्हाड पाहिली आणि हा माणूस निदान चार हजार वर्षांपूर्वीचा आहे, असं सांगितलं. पुढं रेडिओकार्बनच्या तपासणीत काळ आणखी मागं गेला. हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. तो ज्या ओत्झ खोऱ्याजवळ सापडला त्यावरून त्याला ओत्झी म्हणू लागले. १९९८ पासून तो इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात आहे.

ओत्झीची कुऱ्हाड जगभर गाजली. जवळजवळ शुद्ध तांब्याचं पातं आणि यू नावाच्या झाडाचा दांडा. हे तांबं दूरच्या दक्षिण टस्कनीतल्या खनिजातून आलं होतं, हे २०१७ मध्ये उजेडात आलं. मला मात्र त्या कुऱ्हाडीपेक्षा जवळची वाटते ती त्याच्याजवळची दुसरी एक वस्तू. ती म्हणजे त्याचा चाकू.

मुठीसकट हा चाकू साधारण १३ सेंटीमीटरचा. मूठ अ‍ॅशच्या लाकडाची. तिच्या खाचेत चकमकीच्या दगडाचं त्रिकोणी पातं बसवून ते जनावराच्या स्नायूच्या दोऱ्यानं आवळलेलं. सोबत म्यान होतं, लिंडन झाडाच्या अंतरसालीचं विणलेलं. कमरेला अडकवायला त्याला चामड्याचा फासा. भाच्याचा चाकू त्याच्याशेजारी ठेवा. पोलाद सोडलं तर वेगळं काय आहे? न मिटणारं पातं, हातात मावणारी मूठ, कमरेचं म्यान. पाच हजार वर्षांत या वस्तूचा आराखडा फारसा बदललेला नाही.

मग प्रश्न येतो तो असा, की ज्याच्याकडे तांब्याची कुऱ्हाड होती, त्यानं चाकू दगडाचा का ठेवला? याचं उत्तर आपल्या मातीतही सापडतं. ओत्झीनंतर दीड-पावणेदोन हजार वर्षांनी आपल्या घोड आणि प्रवरा नद्यांच्या काठी शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. त्यांचा आणि आल्प्सचा काही संबंध नाही, पण अडचण तीच होती. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी सापडल्या. घोड नदीकाठच्या चांडोलीला तांब्याचा खंजीर सापडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ साली इनामगावचं उत्खनन सुरू केलं आणि त्या काळचं सबंध गावच उजेडात आलं. या वस्त्यांत तांबं थोडं आणि गारेची पाती मात्र भरपूर. दोन-चार सेंटीमीटर लांबीची, कडा समांतर असलेली नाजूक पाती. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत एकापुढं एक बसवली, की विळा तयार, सुरी तयार. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. तांबं लांबून आणावं लागे. गार मात्र आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटातच असते. म्हणून तांबं जपून वापरायचं आणि रोजचं कापणं-चिरणं दगडावर सोपवायचं, असा तो हिशेब होता.

दगडाचं पातं खरंच कापतं का, असं मला माझे विद्यार्थी नेहमी विचारत. त्या दिवाळीत मामा-भाच्यांनी हीही परीक्षा घेतली. जुन्या वस्तीच्या पांढरीतले दगड उचलायचे नसतात, तो पुरावा असतो. म्हणून ओढ्यातून गारेचा एक गोटा आणला आणि दुसऱ्या दगडानं फोडला. चार-पाच कपच्या वाया गेल्या, सहावी बरी निघाली. तिनं सुतळी सहज कापली, ज्वारीचं ताट कापलं, जुन्या चपलेचा अंगठासुद्धा कापला. आणि आदल्या दिवशीची ती काकडी! पोलादी चाकूला जमलं नव्हतं ते त्या कपचीनं करून दाखवलं. पण बाभळीच्या फांदीत घालून जरा पिळली मात्र, कडेचा तुकडाच उडाला. माझं बोटही थोडं कापलं. दगडाची धार पोलादाला लाजवील अशी, पण तिला पीळ सोसत नाही.

ही आमची घरगुती परीक्षा झाली. शास्त्रज्ञांची याहून पुष्कळ कडक असते. एके काळी संग्रहालयात हत्याराचं नाव त्याच्या आकारावरून ठरे. टोकदार दिसलं की खंजीर, बोथट दिसलं की तासणी. लेनिनग्राडच्या सर्गेई सेम्योनोव यांनी ही रीत बदलली. हत्यार कशासाठी वापरलं, ते हत्यारालाच विचारा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या हत्यारांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. स्वतः नवी हत्यारं करून लाकूड, कातडं, हाड यांवर चालवली आणि दोहोंवरचे ओरखडे ताडून पाहिले. त्यांचा ग्रंथ १९५७ साली रशियन भाषेत निघाला आणि १९६४ मध्ये इंग्रजीत आला.

पुढं इंग्लंडात काहींना शंका आली, की ओरखड्यांवरून सगळं कळतं हे खरं कशावरून? तेव्हा मार्क न्यूकमर यांनी चकमकीच्या दगडाची पंधरा हत्यारं बनवली, वेगवेगळ्या कामांना वापरली आणि काहीही न सांगता लॉरेन्स कीली या तरुण संशोधकाच्या हाती दिली. कुठल्या हत्यारानं काय कापलं ते कीलीनं फक्त कडा पाहून सांगायचं होतं. १९७७ साली निकाल छापून आला. काही उत्तरं चुकली, पण बहुतेक बरोबर होती. गवत-धान्य कापलेल्या कडेवर एक प्रकारची झळाळी येते, कातडं तासलेली कड निस्तेज होते, लाकडाची खूण आणखी निराळी. पात्याला जणू आपण केलेलं काम आठवत असतं.

ओत्झीच्या दगडी सामानाची अशीच तपासणी उर्सुला वीरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सामान केवढं? एक चाकू, एक तासणी, एक टोच्या, एक छोटी कपची, दोन बाणाग्रं आणि धार काढण्यासाठी शिंगाचं टोक बसवलेली लाकडी कांडी. ही कांडी दिसायला अगदी पेन्सिलीसारखी. शिंगाच्या टोकानं पात्याची कड दाबायची, म्हणजे बारीक कपच्या उडून नवी धार येते. भाचा जो धारेचा दगड विसरला होता, त्याचंच हे भावंड. ओत्झी मात्र ते विसरला नव्हता.

आणि इथंच ही गोष्ट मनाला लागते. तपासणीत असं दिसलं, की त्याची बहुतेक हत्यारं अखेरच्या घटकेला आली होती. पुन्हा पुन्हा धार काढून ती झिजली होती, लहान झाली होती. खुणा मुख्यतः झाडपाल्याच्या, लाकडाच्या कामाच्या. माणूस उजखोरा होता, हेही त्या कडांवरून कळलं. त्यांचा दगड दक्षिण आल्प्समधल्या निरनिराळ्या ठिकाणचा होता, पण नवा दगड त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, त्यातले दोनच पुरे झालेले. धनुष्य अर्धवट तासलेलं. उजव्या हाताला अंगठ्याजवळ खोल जखम, मरणाच्या काही दिवस आधीची. आणि २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेलं दगडी बाणाचं टोक दिसलं. कुणीतरी त्याला मागून बाण मारला होता.

काही पात्यांवर मात्र त्यानं नुकतीच नवी धार काढली होती आणि त्या धारेवर वापराची एकही खूण नव्हती. म्हणजे काहीतरी करायचं त्याच्या मनात होतं. कदाचित धनुष्य पुरं करायचं असेल, बाण तासायचे असतील. ते काम राहूनच गेलं.

संग्रहालयांत आणि पुस्तकांत या चाकूला बहुधा 'खंजीर' म्हणतात. मला तो शब्द टोचतो. खंजीर म्हटलं की डोळ्यांपुढं लढाई येते. पण त्या सगळ्या दगडी सामानावर जे उमटलंय ते रोजचं काम आहे. तासणं, चिरणं, कापणं आणि पुन्हा धार काढणं. कुऱ्हाडीवरून ओत्झी मोठा माणूस असावा असं वाटतं, पण त्याचे दिवस कसे गेले हे सांगतात ती ही झिजलेली पाती.

हे सारं भाच्याला सांगताना मला माझ्या वडिलांचा चाकू आठवत होता. त्यांच्या बंडीच्या खिशात तो कायम असे. कलम बांधायला, सुतळी कापायला, बैलाच्या खुरातला काटा काढायला तोच. विहिरीच्या काठावरच्या दगडावर घासून घासून त्याचं पातं अर्ध्यावर आलं होतं. ते गेल्यावर घर आवरताना मी तो जुन्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला आणि घरातला पुरावा मी किलोच्या भावानं घालवला.

भाचा निघाला तेव्हा मी त्याला विहिरीच्या काठावर नेलं. त्या दगडाला मध्ये खळगा पडलाय, वडिलांच्या चाकूनं पाडलेला. तिथं बसून त्यानं आपल्या चाकूला धार लावली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)