विलायतेची हवा

दिवाळीच्या फराळासमोर आजाराच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण चार दिशांची माणसे घरी जमतात तेव्हाच ‘आईला उपचारांसाठी परदेशी न्यावे का?’ असले प्रश्न निघतात, हे मी अनेक घरांतून पाहिले आहे. म्हणून हा थोडा इतिहास.

एके काळी क्षयावर औषध नव्हते. होती ती हवा. आपल्याकडचे रोगी पाचगणीला, मिरजेला जात. फारच ऐपत असेल ते स्वित्झर्लंड गाठीत. तिथल्या दावोस गावी अलेक्झांडर श्पेंग्लर नावाच्या डॉक्टरांना रहिवाशांत क्षय आढळेना. 1865 च्या ऐन हिवाळ्यात पहिले रोगी तेथे राहिले, आणि पुढे डोंगराडोंगरांवर आरोग्यधामे उभी राहिली. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळ्या सज्जात तासन् तास पडून राहणे, हाच उपचार. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला; पण त्याला मारणारे औषध हाती यायला साठ वर्षे लागली.

या वाटेने कमला नेहरू दोनदा गेल्या. ते दोन प्रवास मला शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात.

पहिला मार्च 1926 मधला. मुंबईहून बोट निघाली तेव्हा पती आणि आठ वर्षांची इंदिरा बरोबर होती. जिनीव्हात आणि नंतर मोंटानाच्या डोंगरावर उपचार झाले. रोग समूळ गेला नाही. पण डिसेंबर 1927 मध्ये त्या मायदेशी परतल्या, सत्याग्रहात उतरल्या, आणि 1 जानेवारी 1931 रोजी त्यांना अटकही झाली. आयुष्याची एवढी वर्षे कामात गेली, हे थोडे नव्हे.

दुसरा प्रवास मे 1935 मधला. आधी भोवालीच्या आरोग्यधामात उपचार झाले होते. या वेळी लेक बरोबर होती, पण पती अलमोड्याच्या तुरुंगात. मुक्काम पडला जर्मनीतल्या बाडेनवायलरला. याच गावी 1904 मध्ये चेखव्ह क्षयाने वारले होते. प्रकृती ढासळल्याची वार्ता आली तेव्हा, सप्टेंबरात, सरकारने नेहरूंना सोडले आणि ते विमानाने धावले. पुढे रुग्णाला लोझानला हलवले. 28 फेब्रुवारी 1936 रोजी तेथेच सारे संपले. दहनही तेथेच झाले. नेहरू अस्थी घेऊन परतले.

मग जाणे चुकले का? मला तसे म्हणवत नाही. त्या काळी जे उत्तम समजले जाई ते त्यांना मिळाले. पण परक्या मुलखात दुखण्याखेरीज दुरावाही सोसावा लागतो, तो कोणत्याच डॉक्टरच्या कागदावर लिहिलेला नसतो.

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पाठोपाठ आणखी औषधे आली. 1956 मध्ये मद्रासेत एक प्रयोग सुरू झाला: काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. 1959 मध्ये निष्कर्ष आला. घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते! गुण औषधाचा होता. डोंगराची हवा त्यासाठी लागत नव्हती.

आज वाट उलटी झाली आहे. परदेशचे रोगी मुंबई-चेन्नईला येतात. 2005 पासून आपले सरकार त्यांना वैद्यकीय व्हिसा देते. निष्णात हात आणि कमी खर्च, हा लाभ खरा. धोकेही खरेच. शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केला तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. इस्पितळातला चिवट जंतू सोबत घरी येऊ शकतो. आणि टाके दुखू लागले तेव्हा ज्यांनी घातले ते डॉक्टर हजारो मैलांवर असतात.

म्हणून आईला न्यायचे ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. तिकडे मिळणारे इथे खरोखरच मिळत नाही का? उशाशी कोण बसणार? आणि परतल्यावर तिला कोण तपासणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल निघावे. नाही मिळाली, तर तिकिटाआधी आपल्याच गावच्या डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जाऊन यावे.