कळफलक ते पडदा : संगणकातील देवनागरीची वाटचाल

संगणक आपल्या आदान-प्रदान साधनांशी अक्षरांनी नव्हे, तर अंकांनी व्यवहार करतो. कळ दाबताच कळफलक तिचा क्रमांक पाठवितो. संगणक त्यानुसार वर्णाचा संकेतांक स्मृतीत ठेवतो आणि त्यावरून पडद्यावर वा मुद्रकावर अक्षराकृती उमटते. देवनागरीसाठी हा व्यवहार कसा सिद्ध झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

‘हिंगोली’ हाच शब्द पाहू. मराठी टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी आधी व ‘ह’ नंतर उमटवावा लागे; कारण कळ आणि कागद यांचा संबंध थेट होता. संगणकात साठवण व दर्शन या क्रिया वेगळ्या झाल्या. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात आरंभिलेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान उच्चारक्रमाने साठवण करी : ‘ह’ आधी, वेलांटी नंतर. दृश्य मांडणी प्रदानाच्या वेळी होई. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ संकेतप्रणालीस मानक ठरविले. तिच्या १९८८ च्या रूपावर युनिकोडमधील देवनागरी आधारलेली आहे.

तथापि, अक्षरजुळणीत दीर्घकाळ फाँटनिष्ठ संकेत रूढ होते. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट नसल्यास मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी, याच संक्रमणकाळात, अस्तित्वात आला. त्या काळातील अशा संचिका युनिकोडमध्ये आणणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य होय.