एक सेंटिमीटर म्हणजे एक हात

बायबल सलग वाचायला बसलेले बहुतेक जण निर्गमच्या २५व्या अध्यायाशी येऊन अडखळतात. मिसर देशातून सुटका झालेली असते, समुद्र दुभंगलेला असतो, सीनाय पर्वतावर आज्ञा मिळालेल्या असतात आणि मग एकाएकी नुसती मापे सुरू होतात. बाभळीच्या लाकडाचा कोश: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. मेज दोन हात लांब, एक हात रुंद. दहा हात उंचीच्या, दीड हात रुंदीच्या फळ्या. दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला ६ आणि कोपऱ्यांसाठी २. प्रत्येक फळीला दोन कुसे, प्रत्येक कुशाखाली चांदीची उथळी. इस्राएल लोकांनी रानातून बरोबर वागवलेल्या निवासमंडपाचे हे वर्णन काही अध्याय चालते. वाचक कंटाळतो आणि पाने उलटतो.

माझे म्हणणे असे की हा मजकूर नुसता वाचून हाती लागतच नाही. तो करून पाहावा लागतो. शिकवण्यासाठी या मंडपाच्या आणि पुढे यरुशलेममध्ये उभ्या राहिलेल्या मंदिराच्या प्रतिकृती करणाऱ्यांचे एक मोठे घराणे होऊन गेले आहे, आणि ग्रंथाचे फार बारीक वाचन या सुतारकाम करणाऱ्या मंडळींनी केले आहे.

या घराण्याचे मूळ ग्रंथातच सापडते. मोशेला पर्वतावर मंडपाचा नमुना दाखवला गेला आणि तसाच कर असे सांगितले गेले, असे निर्गम म्हणतो. बसालेल आणि अहलियाब हे कारागीर त्यानंतर येतात. पुढे यहेज्केल संदेष्ट्याला मातीची वीट घेऊन तिच्यावर यरुशलेमचे चित्र कोरायला आणि तिच्याभोवती वेढ्याचे मोर्चे उभारायला सांगितले जाते. लोकांना समजावण्यासाठी वस्तूच समोर मांडायची, ही कल्पना इतकी जुनी आहे.

पण गावोगाव ओळखली गेलेली शैक्षणिक प्रतिकृती म्हणता येईल अशी वस्तू सतराव्या शतकात हॉलंडमध्ये तयार झाली. याकोब यहूदा लेओन हे ज्यू धर्मगुरू आणि शिक्षक. मिडेलबर्ग गावी असताना त्यांनी आदाम बोरेल या ख्रिस्ती अभ्यासकाच्या मदतीने शलमोनाच्या मंदिराची लाकडी प्रतिकृती केली आणि १६४२ मध्ये तिचे वर्णन करणारी पुस्तिका छापली. एक ज्यू पंडित आणि एक ख्रिस्ती विद्वान त्या काळी एकाच कामावर बसले होते, हे मला या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. लेओन पुढे ॲम्स्टरडॅमला गेले. त्यांच्या घरी प्रतिकृती पाहायला माणसे येत आणि पुस्तिका बरोबर नेत. तिची निरनिराळ्या भाषांत भाषांतरे झाली. १६५४ मध्ये त्यांनी मोशेच्या निवासमंडपावरही स्वतंत्र पुस्तक लिहिले. लोक त्यांना ‘टेम्पलो’ म्हणू लागले आणि ते नाव त्यांच्या घराण्याला चिकटले. १६७५ मध्ये ते प्रतिकृती घेऊन लंडनला निघाले, तेव्हा डच मुत्सद्दी कॉन्स्टंटाइन हायगन्स यांनी त्यांच्यासाठी क्रिस्टोफर रेन यांच्या नावे शिफारसपत्र दिले होते. रेन तेव्हा सेंट पॉल कॅथीड्रलच्या कामात होते. त्याच वर्षी लेओन वारले.

याच शतकाच्या अखेरीस हॅम्बर्गमध्ये गेरहार्ड शॉट या धनिकाने शलमोनाच्या मंदिराची भलीमोठी प्रतिकृती करवून घेतली. ती विलाल्पांडो या स्पॅनिश जेझुइटाच्या आराखड्यांवर बेतली होती आणि आजही हॅम्बर्गच्या संग्रहालयात आहे. शॉट हे हॅम्बर्गच्या ऑपेरागृहाचे संस्थापक. प्रतिकृतीतही रंगमंचाची भव्यता आहे. ती पाहून डोळे दिपतात. शिकवण्याच्या दृष्टीने मला मात्र हाल्ले गावची साधी परंपरा जास्त जवळची वाटते.

जर्मनीतल्या हाल्ले येथे आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी अनाथ मुलांसाठी संस्था उभारली होती. त्याच गावात क्रिस्टोफ झेमलर नावाचे पाद्री होते. मुलांना शब्दांनी शिकवण्याआधी वस्तू दाखवा, हा त्यांचा ध्यास. १७०८ मध्ये त्यांनी अशी एक शाळा काढली, जिथे यंत्रे, घड्याळे आणि अवजारांचे नमुने समोर ठेवून पाठ घेतले जात. ती शाळा फार टिकली नाही, पण जर्मनीत पुढे रुजलेल्या ‘रिआलशूल’ या शाळाप्रकाराची सुरुवात तिच्यापाशी नेली जाते. फ्रांके यांच्या संस्थेसाठी झेमलर यांनी १७१७च्या सुमारास मंदिराची प्रतिकृती केली. विश्वरचना दाखवणारे मोठे गोलही केले. ग्रहांची गती आणि याजकांचे अंगण, दोन्ही गोष्टी मुलांना सारख्याच पद्धतीने समजावून द्यायच्या होत्या.

हाल्लेशी आपलाही धागा जुळतो. १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरलेले मिशनरी त्सीगेनबाल्ग याच वर्तुळातले. पुढे आलेले श्वार्ट्झ हाल्लेतच शिकले होते, आणि तंजावरच्या तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजींच्या शिक्षणाची काळजी त्यांनीच वाहिली. सरस्वती महाल ग्रंथालयाला आपल्या ग्रंथसंग्रहाने समृद्ध करणारे, विज्ञानाची उपकरणे जमवणारे हे मराठी राजे लहानपणी अशा माणसाच्या हाताखाली वाढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे प्रतिकृती करताना नेमके काय कळते त्याकडे येतो.

मंडपाची लांबी तीस हात होती, हे वाक्य निर्गमात कुठेच नाही. ते दीड हात रुंदीच्या २० फळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या की कळते. आतले परमपवित्रस्थान दहा हातांचे होते, हेही लिहिलेले नाही. ते कसे निघते पाहा. तलम कापडाचे दहा पडदे, प्रत्येक २८ हात लांब आणि चार हात रुंद. पाच-पाच पडदे एकमेकांना जोडून दोन मोठे पट करायचे आणि निळ्या सुताची ५० बिरडी व सोन्याचे ५० आकडे लावून ते दोन पट एकत्र गुंतवायचे. एकूण लांबी ४० हात. पूर्वेच्या दारापासून हे छत अंथरायला लागलात की आकड्यांची रांग बरोबर २० हातांवर येते. आणि ग्रंथ सांगतो की अंतरपट त्या आकड्यांच्या खाली टांगायचा. म्हणजे पुढे २० हातांचे पवित्रस्थान, मागे दहा हातांचे परमपवित्रस्थान. रुंदी दहा, उंची दहा, खोली दहा. ज्या जागी वर्षातून एकदाच प्रमुख याजक जाई, तिचे माप एका शिवणीत दडलेले आहे. कापड हातात घेऊन अंथरल्याशिवाय हे कुणाला सुचेल असे मला वाटत नाही.

उरलेले दहा हात कापड मागच्या भिंतीवरून खाली येते. बकऱ्यांच्या केसांचे वरचे पडदे ११ आहेत आणि ३० हात लांब, म्हणून ते सर्व बाजूंनी थोडे जास्त उतरतात आणि आतले कापड झाकतात.

फळ्यांची जाडी मात्र ग्रंथाने दिलेली नाही, आणि इथे प्रतिकृती करणाऱ्याचे हात थांबतात. मागच्या बाजूला सहा फळ्या म्हणजे नऊ हात. आतली रुंदी दहा हवी तर कोपऱ्याच्या दोन फळ्यांनी अर्धा अर्धा हात भरायचा. मग प्रत्येकीचा एक हात उरतो, आणि तो बाजूच्या भिंतीची जाडी झाकतो. राशी या मध्ययुगीन भाष्यकारांनी जाडी एक हात मानली ती याच हिशेबाने. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस मात्र ती चार बोटे सांगतो.

कोण बरोबर? गाड्या विचारात घ्या. गणना या ग्रंथात मरारी घराण्याला मंडपाचा सांगाडा वाहण्यासाठी चार गाड्या आणि आठ बैल दिले आहेत. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला, तर एक हात जाडीची एक फळी सुमारे १.३७ घनमीटर होते; टणक लाकूड धरल्यास वजन टनाच्या वर. अशा ४८ फळ्या म्हणजे ५० टनांच्या आसपास. एका बैलजोडीमागे १२ टनांहून जास्त ओझे, तेही वाळूतून, आणि वर चांदीच्या उथळ्या वेगळ्याच. हे जमणारे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. आर. एस. केनेडी या स्कॉटिश अभ्यासकाने उत्तर सुचवले: या भरीव फळ्या नव्हत्याच, त्या दोन उभ्या दांड्यांच्या पोकळ चौकटी होत्या. मग दोन कुशांचा अर्थ लागतो, वजन आटोक्यात येते आणि पडद्यावर विणलेले करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, चौकटींतून आतल्या याजकाला दिसतात. आज अनेक भाषांतरांत फळीच्या जागी चौकट आली आहे.

छताचा वाद याहून जुना. सपाट छतावर पावसाचे पाणी साचून पडदे झोळीसारखे लोंबतील, म्हणून मध्ये आढे आणि दोन्हीकडे उतार असला पाहिजे, असे जेम्स फर्ग्युसन यांनी विल्यम स्मिथ यांच्या बायबल-कोशात मांडले. पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचे नाव आहे ते फर्ग्युसन वेगळे. हे फर्ग्युसन बंगालमध्ये निळीचा व्यापार करीत आणि भारतभर हिंडून लेणी मोजत असत. १८४३ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. त्यातूनच अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. चैत्यगृहांच्या दगडी छतातही लाकडी बांधणीच्या खुणा ओळखणाऱ्या या माणसाने तंबूच्या पडद्यांतून आढ्याची उंची काढली. आढ्याशी काटकोन धरला, तर ते भिंतींच्या वर पाच हात, म्हणजे जमिनीपासून १५ हात येते, आणि २८ हातांचे कापड दोन्ही बाजूंना पाच हातांची पडवी करून संपते. हिशेब देखणा आहे. पण आढ्याचा वासा ग्रंथात नाही, त्यामुळे मला तो पटत नाही. इतक्या बारीकसारीक उथळ्या मोजणारा लेखक मुख्य वासा विसरेल, हे मानायला मन तयार होत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे काम प्रत्यक्ष यरुशलेममध्ये पोचले ते कॉनराड शिक यांच्यामुळे. १८४६ मध्ये मिशनचे काम करायला आलेले हे जर्मन गृहस्थ घड्याळे आणि लाकूडकाम करीत, मुलांना सुतारकाम शिकवीत आणि बघता बघता शहराचे वास्तुरचनाकार झाले. मंदिराच्या जुन्या जागी असलेल्या हरम-अल-शरीफ या आवाराच्या मुस्लिम व्यवस्थापकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. परक्यांना जिथे पाऊल ठेवणे कठीण, तिथली तळघरे आणि टाकी त्यांना मोजता आली. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी त्यांनी हरमची प्रतिकृती केली. त्यांच्या प्रतिकृतींचे काही भाग उचलून बाजूला ठेवता येतात आणि खालचे थर दिसतात. निवासमंडपाचीही प्रतिकृती त्यांनी केली, आणि १८९६ मध्ये मंडप, मंदिर आणि आजचे आवार या तिन्हींवर मिळून ग्रंथ लिहिला.

विसाव्या शतकात मायकेल आवी-योना यांनी १:५० प्रमाणात उभे केलेले दुसऱ्या मंदिराच्या काळचे यरुशलेम १९६६ पासून लोकांसमोर आहे. २००६ मध्ये ते इस्रायल म्युझियममध्ये हलवले गेले. उत्खननात नवे सापडले की त्यात बदल केले जातात. इस्रायलमधल्या तिम्ना येथे मंडपाची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही आहे. पण तिच्यात माणूस नुसता आत जातो आणि बाहेर येतो. मोजायचे काम आधीच कुणीतरी करून ठेवलेले असते.

वर्गात करायचे असेल तर एक सेंटिमीटरला एक हात धरावा. अंगण १०० बाय ५० होते, दोन बाके जोडली की मावते. मंडप ३० बाय १०. माणूस चार सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. अंगणाची कनात पाच सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर. बाहेरच्याला आतले काही दिसत नसे, हे मुलांना न सांगता कळते. दार पूर्वेला. दीपवृक्ष आणि गंगाळ यांची मापे ग्रंथात नाहीत, ती मुलांना ठरवू द्यावीत आणि का ठरवली ते विचारावे. भिंतींसाठी वर्गाचे दोन गट करावेत: एकाने पुठ्ठ्याच्या भरीव फळ्या कापाव्यात, दुसऱ्याने काड्यांच्या चौकटी. छत शेवटी, आणि शिवण २० सेंटिमीटरवर येते का ते त्यांनीच पट्टी लावून पाहावे.